गॅस भरण्याआधी : कारच्या एसीची घरच्या घरी तपासणी

कारच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांच्या एका वाटोळ्या मार्गात तो फिरत राहतो आणि एक फेरा पुरा झाला की तोच गॅस पुढच्या फेऱ्याला लागतो. रबरी नळ्या आणि सांध्यांतून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, तेवढे सोडले तर निरोगी एसीत गॅस कमी होण्याचे कारणच नसते. तो लवकर कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि कमी झालाच नसेल तर दोष दुसरीकडे आहे. तरीही उन्हाळा लागला आणि गाडीत गार हवा येईनाशी झाली की पहिले वाक्य ऐकू येते ते ‘गॅस भरून घ्या’ हेच.

या घाईत गाडीमालकाचे दोन प्रकारे नुकसान होते. गळती न शोधता भरलेला गॅस काही महिन्यांत पुन्हा उडून जातो. आणि दोष मुळात गॅसचा नसेल, तर धुळीने बुजलेला फिल्टर, बंद पडलेला पंखा किंवा जळालेला फ्यूज तसाच राहतो आणि वर नको तेवढा गॅस भरला जातो. यातले बरेचसे दोष घराच्या अंगणात, एक टॉर्च आणि एक थर्मामीटर हाताशी असले की अर्ध्या तासात ओळखता येतात. त्यासाठी एसी कसा चालतो याची थोडी ओळख आणि तपासणीचा ठरावीक क्रम पुरेसा आहे.

थंडावा येतो कुठून

इंजेक्शन देण्यापूर्वी दंडावर स्पिरिट चोळले की तेवढी जागा गार पडते, कारण स्पिरिट उडताना कातडीतली उष्णता घेऊन जाते. द्रवाची वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि वाफेचा पुन्हा द्रव होताना ती बाहेर पडते, हा एसीचा पहिला नियम. दुसरा नियम स्वयंपाकघरात रोज दिसतो. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी १०० अंशांऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. म्हणजे दाब कमीजास्त केला की उकळण्याचे तापमानही वरखाली करता येते.

भारतातल्या बहुसंख्य गाड्यांमध्ये आर-१३४ए हा गॅस असतो. मोकळ्या हवेत तो उणे २६ अंशांना उकळतो. डॅशबोर्डच्या आत बसवलेल्या कूलिंग कॉइलमध्ये त्याचा दाब मीटरवर ३० पीएसआयच्या आसपास असतो. या दाबाला तो शून्याच्या किंचित वर उकळतो आणि ब्लोअरने ढकललेल्या हवेतली उष्णता शोषून घेतो. तयार झालेली वाफ काँप्रेसर ओढतो आणि दाबून २०० ते २५० पीएसआयपर्यंत नेतो. या चढ्या दाबाला, म्हणजे २३० पीएसआयच्या सुमारास, तोच गॅस रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये ६० अंशांना द्रव होऊ लागतो. नागपुरात मे महिन्यात बाहेरची हवा ४५ अंशांवर असली तरी ६० अंशांच्या कंडेन्सरपुढे ती गारच, म्हणून त्या हवेलाही कंडेन्सरमधली उष्णता घेऊन जाता येते. द्रव झालेला गॅस मग ड्रायरमधून जातो, तिथे त्यातला ओलावा आणि कचरा अडतो. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो कॉइलमध्ये शिरतो, दाब एकदम उतरतो आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

यातून तपासणीचा क्रम आपोआप ठरतो. एसी थंड व्हायला चार गोष्टी लागतात : कॉइलवरून वाहणारी भरपूर हवा, काँप्रेसर फिरवणारा पट्टा व वीज, कंडेन्सरवरून जाणारी हवा आणि मोजून भरलेला गॅस. गॅसचा क्रमांक शेवटचा आहे, कारण आधीच्या तिन्ही गोष्टी उघड्या डोळ्यांनी तपासता येतात आणि गॅसला मात्र यंत्रसामग्री लागते.

तपासणीची तयारी

गाडी मोकळ्या हवेत, सपाट जागी उभी करावी. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये; धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. गिअर न्यूट्रलमध्ये, ऑटोमॅटिक गाडीचा पार्कमध्ये, आणि हँडब्रेक ओढलेला असावा. बॉनेटखाली वाकताना ओढणी, पदर, मोकळे केस, गळ्यातली साखळी आवरून घ्यावी. रेडिएटरचा विजेवरचा पंखा कोणत्याही क्षणी फिरू लागतो. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही. काँप्रेसरमधून निघणारी नळी हात भाजण्याइतकी तापते, तिला हात लावू नये.

पहिली पायरी थर्मामीटरची. डिजिटल थर्मामीटरचे टोक मधल्या झरोक्यात खोचावे. दारे-खिडक्या बंद, एसी चालू, तापमानाचा खटका पूर्ण निळ्या टोकाला, हवा आतल्या आत फिरवणारे बटण दाबलेले आणि ब्लोअर मधल्या वेगावर असावा. ॲक्सिलरेटर किंचित दाबून इंजिन मिनिटाला दीड हजार फेऱ्यांवर ठेवावे. दहा मिनिटांनी आकडा वाचावा. बाहेर ३० ते ३५ अंश असताना झरोक्यातून साधारण ७ ते १२ अंशांची हवा येत असेल तर यंत्रणा ठीक समजावी. कडक उन्हात किंवा दमट हवेत हा आकडा काही अंशांनी चढतो. ‘पूर्वीसारखे कूलिंग नाही’ ही तक्रार अशा रीतीने आकड्यात बसली की पुढचा शोध सोपा होतो.

कोकणातल्या किंवा मुंबईतल्या गाडीमालकाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिथे कॉइलची बरीचशी ताकद हवा थंड करण्याआधी तिच्यातली वाफ काढण्यात खर्च होते. एक लिटर पाणी वाफेतून काढताना कॉइलला जेवढी उष्णता ओढावी लागते, ती तेवढेच पाणी शून्यापासून उकळीपर्यंत तापवायला लागणाऱ्या उष्णतेच्या जवळपास सहापट असते. बाहेरची हवा आत घेणारा खटका उघडा राहिला तर ही वाफ संपतच नाही. कित्येकदा ‘बिघडलेल्या’ एसीचे कारण एवढ्या एका खटक्यात सापडते.

हवा कमी येते की गरम येते

सर्वांत आधी दोन तक्रारी वेगळ्या कराव्यात. हवा जोरात येते पण गार नाही, ही एक. गार आहे पण नुसती झुळूक येते, ही दुसरी. दुसऱ्या तक्रारीत गॅसचा बहुधा संबंध नसतो.

हवेचा जोर कमी असेल तर प्रथम केबिन फिल्टर पाहावा. बऱ्याच गाड्यांत तो डाव्या बाजूच्या ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. कप्प्याच्या दोन्ही कडा आत दाबल्या की कप्पा खाली उतरतो आणि मागे फिल्टरचे झाकण दिसते. पांढरा कागदी फिल्टर काळाकरडा झालेला असतो. त्याच्या घड्यांत वाळलेली पाने, केस, कधी उंदराने आणून ठेवलेला कापूसही निघतो. फिल्टर उन्हासमोर धरावा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर हवा तरी कशी जाणार? असा फिल्टर झटकून परत बसवण्यापेक्षा बदलणे बरे. बसवताना त्यावरचा बाण हवेच्या प्रवाहाच्या दिशेने ठेवावा. वर्षातून एकदा, आणि धुळीच्या रस्त्यांवर रोजचे जाणे-येणे असेल तर त्याहून लवकर, हे काम करावे. काही साध्या मॉडेलांत हा फिल्टर बसवलेलाच नसतो. तिथे धूळ थेट कॉइलवर बसते आणि कॉइल कारागिराकडून साफ करून घ्यावी लागते.

ब्लोअर फक्त सर्वांत वरच्या वेगावर चालतो आणि खालच्या वेगांवर मुका राहतो, हे त्याच्या रेझिस्टरचा जोड जळाल्याचे ठळक लक्षण आहे. खालचे वेग या रेझिस्टरमधून येतात, वरचा वेग थेट बॅटरीची वीज घेतो, म्हणून तेवढाच शिल्लक राहतो. हा सुटा भाग लहान असतो आणि सहज बदलता येतो. ब्लोअर कोणत्याच वेगावर चालत नसेल तर फ्यूज, रिले आणि मग मोटर, या क्रमाने पाहावे.

हवा जोरात पण कोमट येत असेल तर आणखी एक जागा पाहण्यासारखी आहे. डॅशबोर्डच्या आत हीटरची गरम हवा आणि कॉइलची गार हवा यांच्यामध्ये एक झडप असते. तापमानाचा खटका तिला तारेने किंवा छोट्या मोटरने हलवतो. तार निसटली तर खटका निळ्यावर असूनही झडप अर्धवट उघडी राहते आणि गार हवेत गरम हवा मिसळत राहते. खटका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावा. झडपेचा ‘टप्’ असा आवाज आला नाही, किंवा हवेच्या तापमानात काहीच फरक पडला नाही, तर दोष तिथे असण्याची शक्यता मोठी.

काँप्रेसर पकडतो का

आता बॉनेट उघडावे, इंजिन चालू ठेवावे आणि घरातल्या कुणाला तरी आत बसवून एसीचे बटण दाबायला सांगावे. जुन्या व मध्यम श्रेणीच्या बहुतेक गाड्यांत काँप्रेसरच्या तोंडाशी चुंबकीय क्लच असतो. बाहेरची पुली पट्ट्यावर कायम फिरत असते आणि तिच्या पुढची गोल चकती स्थिर असते. बटण दाबताच ‘टक्’ असा आवाज होतो, चकती पुलीला चिकटते आणि तिच्याबरोबर गरगरा फिरू लागते. त्याच क्षणी इंजिनाचा आवाज किंचित जड होतो. टॉर्चच्या उजेडात हे पाहिले की निम्मे निदान झाले. कारमध्ये कारखान्यातून एसी बसवून देणारी पहिली कंपनी अमेरिकेतली पॅकार्ड. १९३९ मध्ये आलेल्या तिच्या एसीत हा क्लचच नव्हता. एसी नको असेल तेव्हा गाडी थांबवून बॉनेट उघडून पट्टा उतरवावा लागे.

चकती हललीच नाही तर फ्यूजपेटी उघडावी. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो. त्यात एसीचा फ्यूज आणि रिले शोधावा. फ्यूजमधली तार तुटलेली दिसली तर तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज लावावा. जागेवर तारेचा तुकडा किंवा चांदीचा कागद कधीही लावू नये, त्याने वायरिंगला आग लागते. नवा फ्यूजही लगेच गेला तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे असे समजून थांबावे. रिलेची परीक्षा सोपी आहे. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा रिले आणि एसीचा रिले एकाच जातीचा असतो. दोन्हींवरचा क्रमांक सारखा असल्याची खात्री करून त्यांची अदलाबदल करावी. एसी चालू झाला आणि हॉर्न मुका पडला तर चोर सापडला. पावसाळ्यात उबेसाठी इंजिनाशेजारी येणारे उंदीर काँप्रेसरकडे जाणारी बारीक वायर कुरतडतात. तीही शेवटपर्यंत नजरेने तपासावी.

फ्यूज, रिले आणि वायर ठीक असूनही क्लच पकडत नसेल तर काही वेळा यंत्रणा स्वतःच त्याला रोखून धरते. नळीत गॅस फार कमी असेल तर दाबाचा स्विच काँप्रेसर चालू होऊ देत नाही, कारण गॅसबरोबर फिरणाऱ्या तेलावरच काँप्रेसरचे वंगण अवलंबून असते. इंजिन फाजील तापले असेल तरी एसी आपोआप बंद होतो. तापमानाचा काटा वर दिसला तर एसी विसरून आधी इंजिनाच्या कूलंटकडे पाहावे. घाट चढताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की छोट्या इंजिनांच्या अनेक गाड्यांत एसी क्षणभर सुटतो. तो मात्र बिघाड नव्हे. चढावर सगळी ताकद चाकांना मिळावी म्हणून केलेली ती सोय आहे.

एक दोष फसवा असतो. सकाळी एसी छान चालतो, अर्ध्या तासाने हवा कोमट होते, गाडी निवली की पुन्हा गार. चकती आणि पुली यांच्यातली फट मिलिमीटरच्या निम्म्याइतकीच असायला हवी. वर्षानुवर्षांच्या झिजेने ती वाढते. क्लचची कॉइल तापली की तिचे चुंबकत्व कमी पडते आणि वाढलेल्या फटीतून चकती ओढली जात नाही. हवा कोमट झाली त्याच वेळी बॉनेट उघडून चकती थांबलेली दिसली, तर ही शंका बळावते. पुष्कळदा फट नीट करून काम भागते, अख्खा काँप्रेसर बदलावा लागत नाही.

काही नव्या गाड्यांत क्लच नसतो. काँप्रेसर कायम फिरतो आणि आतला व्हॉल्व्ह त्याचे काम कमीजास्त करतो. तिथे चकतीवरून निदान होत नाही, नळ्यांच्या तापमानावरूनच अंदाज घ्यावा लागतो. हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्यांत तर काँप्रेसर शेकडो व्होल्टवर चालतो. नारिंगी वेष्टनाच्या वायरींना घरी हात लावायचा नाही, हा तिथला एकच नियम.

सिग्नलला गरम, रस्त्यावर गार

गाडी धावताना हवा गार येते आणि सिग्नलला थांबली की कोमट होते, ही तक्रार ऐकताच कंडेन्सरकडे पाहावे. धावत्या गाडीत समोरचा वारा कंडेन्सरला थंड करतो. उभ्या गाडीत ते काम पंख्याचे असते. एसी लावल्यावर थोड्या वेळात पंखा फिरू लागला पाहिजे. तो फिरत नसेल तर पुन्हा फ्यूज, रिले आणि मोटरचा जोड, हाच क्रम.

पंखा ठीक असेल तर पुढची जाळी बघावी. कंडेन्सर हा रेडिएटरच्याही पुढे असलेला ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा पडदा असतो. टॉर्च लावून पाहिले की पात्यांच्या फटींत चिकटलेले किडे, चिखलाचे शिंतोडे, पालापाचोळा आणि कधी अख्खी प्लास्टिकची पिशवी दिसते. इंजिन थंड असताना बागेच्या नळीने, मंद धारेने ही जाळी धुवावी. वॉशिंग सेंटरची जोरदार धार नको, तिने पाती आडवी होतात आणि फटी कायमच्या बुजतात. समुद्रकिनाऱ्याजवळच्या गाड्यांत खारट वारा ॲल्युमिनियम पोखरतो. तिथे गोड्या पाण्याने अधूनमधून धुणे म्हणजे कंडेन्सरचे आयुष्य वाढवणे.

याच ठिकाणी एक खात्रीची परीक्षा करता येते. एसी चालू ठेवून, गाडी उभी असताना, कंडेन्सरवर समोरून बादलीभर पाणी हळूहळू ओतावे आणि झरोक्यातल्या थर्मामीटरकडे लक्ष ठेवावे. पाणी पडताच तापमान झपाट्याने उतरले तर उष्णता बाहेर टाकण्याचे काम अडले आहे. पंखा, कचरा किंवा वाकलेली पाती, यांपैकी काहीतरी. फारसा फरक पडला नाही तर दोष पुढे शोधावा.

बर्फ, पाणी, वास आणि आवाज

लांबच्या प्रवासात तासाभराने हवेचा जोर हळूहळू मरतो, दहा-पंधरा मिनिटे एसी बंद ठेवला की पुन्हा जोर येतो आणि गाडीखाली एकदम पुष्कळ पाणी सांडते. कॉइलवर बर्फ धरल्याची ही खूण. बर्फाने फटी बुजतात आणि हवा अडते. बुजलेला फिल्टर, फार कमी वेगावर ठेवलेला ब्लोअर, कमी झालेला गॅस किंवा कॉइलचे तापमान सांगणारा बिघडलेला सेन्सर ही त्याची कारणे. पहिली दोन घरी दूर करता येतात.

उभ्या गाडीखाली पडणारे स्वच्छ पाणी मात्र चांगले लक्षण आहे. हवेतली वाफ कॉइलवर पाणी होऊन नळीवाटे बाहेर पडत असते. तेच पाणी डाव्या बाजूच्या पायपुसण्यावर साठू लागले तर ही निचऱ्याची नळी तुंबली आहे. गाडीखालून नळीचे रबरी टोक शोधून त्यातला चिखल मऊ, बोथट तारेने काढावा. तार फार आत ढकलू नये, पलीकडे नाजूक कॉइल असते.

ओल्या फडक्यासारखा आंबूस वास येत असेल तर कॉइलवर बुरशी वाढली आहे. मुक्काम जवळ आला की पाच मिनिटे आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवावा, कॉइल सुकते आणि बुरशीला ओल मिळत नाही. गोडसर वास येऊन समोरच्या काचेवर तेलकट धुके जमत असेल तर हीटरमधून कूलंट गळत असल्याचा संशय घ्यावा. पेट्रोलचा किंवा धुराचा वास आला तर गाडी तिथेच थांबवून मदत बोलवावी.

आवाजांचेही दोन गट पडतात. एसी बंद असतानाही काँप्रेसरकडून घरघर येत असेल तर पुलीचे बेअरिंग गेले. एसी लावल्यावरच खडखड सुरू होत असेल तर खुद्द काँप्रेसर त्रासात आहे. अशा वेळी एसी वापरणे लगेच बंद करावे. आत घासलेल्या धातूचा कीस गॅसबरोबर कंडेन्सरपर्यंत पसरला की खर्च कित्येक पटींनी वाढतो. शिवाय बऱ्याच गाड्यांत काँप्रेसरचा पट्टाच अल्टरनेटर आणि पाण्याचा पंपही फिरवतो. काँप्रेसर अडकून तो पट्टा तुटला तर गाडीच रस्त्यात उभी राहते.

गॅसची पाळी

हे सगळे पाहून झाल्यावरच गॅसकडे वळावे. एसी चालू असताना डॅशबोर्डकडून काँप्रेसरकडे येणारी जाड नळी गार आणि दवाने ओलसर लागली पाहिजे. ती नुसती कोमट असेल, क्लच दर काही सेकंदांनी पकडत-सोडत असेल, आणि एका झरोक्यातून गार तर दुसऱ्यातून कोमट हवा येत असेल, तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी.

मग गळतीच्या खुणा शोधाव्यात. गॅसबरोबर तेल फिरत असल्याने गळतीच्या जागी तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटून काळा थर जमतो. नळ्यांचे सांधे, काँप्रेसरच्या पुढचा भाग, दगड लागून खड्डा पडलेला कंडेन्सर आणि गॅस भरण्याच्या दोन तोंडांमधले व्हॉल्व्ह, या जागा टॉर्चने पाहाव्यात. तोंडांवरची प्लास्टिकची टोपणे हरवली असतील तर बसवावीत. संशयाच्या जागी, इंजिन बंद करून, साबणाचा फेस लावला तर मोठ्या गळतीत बुडबुडे फुगतात.

गॅस किती उरला आहे हे मात्र घरी कळत नाही आणि त्याचे कारण स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये आहे. सिलिंडर भरलेला असो वा तळाला आलेला, शेगडीची ज्योत सारखीच राहते, कारण आत थेंबभर जरी द्रव शिल्लक असला तरी त्याच्या वाफेचा दाब फक्त तापमानावर ठरतो. किती उरला हे कळायला सिलिंडर उचलूनच पाहावा लागतो. कारच्या एसीतही तसेच. ३५ अंशांना, एसी बंद असताना, मीटर सुमारे ११५ पीएसआय दाखवतो. आत पूर्ण गॅस असला तरी आणि निम्मा असला तरी. एसी चालू असताना फक्त कमी दाबाच्या बाजूचा मीटर पाहिला तर तोही फसवतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तुंबला असेल तर गॅस पुरेसा असूनही दाब कमी दिसतो आणि भरणारा आणखी भरत जातो. म्हणून गॅस वजनावर भरायचा असतो. छोट्या हॅचबॅकमध्ये तो साधारण ३५० ते ५०० ग्रॅम असतो आणि नेमका आकडा बॉनेटखालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. एवढ्या कमी मापात १०० ग्रॅम जादा झाले तरी उच्च दाब चढतो, कूलिंग घटते आणि काँप्रेसरवर ताण येतो.

बाजारात मिळणारे डबे आणून घरी गॅस भरण्याचा मोह टाळावा. डोळ्यात किंवा हातावर उडालेला द्रव क्षणात कातडी गोठवतो. चुकून उच्च दाबाच्या तोंडाला जोडलेला डबा फुटू शकतो. गळती बुजवणारी रसायने बारीक छिद्रे तुंबवतात आणि गॅरेजमधले यंत्रही खराब करतात. स्वस्तात मिळतो म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरणे हा तर आगीशी खेळ आहे, कारण कॉइल प्रवाशांच्या पुढ्यातच असते.

गॅस हवेत मोकळा सोडणे हेही टाळायला हवे. पूर्वीच्या गाड्यांतला आर-१२ ओझोनचा थर विरळ करतो म्हणून १९८७ च्या माँट्रिऑल करारानंतर तो मागे घेतला गेला आणि आर-१३४ए आला. तो ओझोनला अपाय करीत नाही, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट प्रभावी आहे. एका छोट्या गाडीतला ४०० ग्रॅम गॅस हवेत गेला तर त्याचा परिणाम साधारण २५० लिटर पेट्रोल जाळण्याएवढा होतो. युरोपात २०१७ पासून नव्या गाड्यांत त्याला बंदी आहे आणि तिथे मुख्यतः आर-१२३४वायएफ वापरतात. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा गॅसांचा वापर जगभर टप्प्याटप्प्याने घटवायचे ठरले असून भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. चिठ्ठीवर लिहिलेल्या जातीशिवाय दुसरा गॅस भरू नये आणि दोन जाती कधीही मिसळू नयेत.

कारागिराकडे जाताना

घरची तपासणी झालेला गाडीमालक गॅरेजमध्ये नेमके सांगू शकतो : क्लच पकडतो, पंखा फिरतो, फिल्टर नवा आहे, झरोक्यात १९ अंश दिसतात, कंडेन्सरच्या खालच्या सांध्यावर तेल आहे. अशा बोलण्याने कारागिराचा वेळ वाचतो आणि नको त्या कामाला फाटा मिळतो.

गॅसचे काम नीट व्हायचे असेल तर त्यात चार टप्पे असतात. उरलेला गॅस यंत्रात काढून घ्यायचा. नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधायची आणि ती दुरुस्त करायची. मग व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास चालवायचा. दाब जवळपास शून्य झाला की नळ्यांतला ओलावा साध्या तापमानालाच उकळून बाहेर पडतो आणि व्हॅक्यूम टिकतो का यावरून गळतीही पुन्हा तपासली जाते. शेवटी चिठ्ठीवरच्या वजनाइतका गॅस, आणि जेवढे तेल निघाले असेल तेवढे तेल. यंत्रणा उघडली असेल तर ड्रायरही बदलावा. यातले काय काय केले, कुठला सांधा गळत होता, किती ग्रॅम भरले, हे बिलावर लिहून मागण्याचा हक्क गाडीमालकाला आहे.

यानंतरची निगा थोडीच आहे. थंडीच्या दिवसांतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा, म्हणजे तेल फिरत राहते आणि काँप्रेसरचे सील सुकत नाहीत. उन्हात तापलेल्या गाडीच्या काचा मिनिटभर उघड्या ठेवून आतली गरम हवा आधी जाऊ द्यावी आणि मग काचा बंद करून हवा आतल्या आत फिरवावी. गाडी माणसांनी भरलेली असेल तर अधूनमधून बाहेरची ताजी हवा घ्यावी. आणि एसी उत्तम चालत असताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदा, झरोक्यातले तापमान, बाहेरचे तापमान आणि तारीख सर्व्हिसच्या वहीत लिहून ठेवावी. पुढे कूलिंग कमी वाटले की त्या ओळीशी ताडून पाहता येते आणि एसी खरोखर मंदावला आहे की यंदाचे ऊनच जास्त आहे, हे गॅरेज गाठण्याआधी कळते.